हार्ड डिस्क दिसत नाहीये? पण नक्की कोणाला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण नवीन पीसी जुळवायच्या मागे लागलेत. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर हवा. त्यात २०२५ संपता संपता रॅम आणि एसएसडीचे (म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचे) भाव चढले, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय. मग लोक काय करतात, मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड, नवीन, प्रोसेसर नवीन, विंडोजपुरती एक छोटी एसएसडी, आणि जुन्या पीसीतली हार्ड डिस्क काढून तीच यात लावायची. चांगला विचार आहे, मी पण सगळ्यांना हेच सांगतो. पण मग मशीन चालू होतं, फॅन फिरतात, लाइट लागतात आणि हार्ड डिस्कचा पत्ताच नसतो.

माझ्या भाचीचं हेच झालं. आर्किटेक्चरला आहे, स्वतःच्या हाताने पीसी जुळवला, आणि रात्री साडेनऊला फोन.

"मामा, हार्ड डिस्क दिसतच नाहीये. एसएसडी पण नाही. दोन्ही गेल्या वाटतं."

"कोणाला दिसत नाहीये?"

"म्हणजे? मला!"

त्या हार्ड डिस्कवर तिच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सगळे फोटो होते, त्यामुळे तिचा आवाज का कापत होता ते मला कळत होतं. पण "कोणाला दिसत नाही" हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता, कारण सगळी गोष्ट तिथेच अडते. ती दुसऱ्या दिवशी एका दुकानात विचारून आली तर त्यांनी डिस्क हातात न घेताच सांगितलं की जुनी आहे, गेली असणार, नवीन घ्या. ती डिस्क आजही चालू आहे. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

"दिसत नाही" याचे चार वेगवेगळे अर्थ होतात

समजा गावाहून पाहुणा यायचाय आणि तो घरी पोचलाच नाही. आता तो एसटीतच बसला नाही, का सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवलं, का आत आला पण आपला मजला त्याला सापडेना, का दारापर्यंत येऊन उभाय पण बेल बंद आहे? चारही वेळा आपण एकच वाक्य बोलतो, "पाहुणा आला नाही." पण प्रत्येक वेळी उपाय वेगळा आहे ना.

डिस्कचं तसंच आहे. पहिलं म्हणजे तिला वीज मिळते का. दुसरं, ती बायोसला दिसते का. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला छोटा प्रोग्राम, विंडोजच्याही आधी जागा होतो आणि मशीनमध्ये कोण कोण हजर आहे त्याची हजेरी घेतो (आता त्याचं खरं नाव यूईएफआय आहे पण सगळे बायोसच म्हणतात, मी पण तेच म्हणणार). तिसरं, विंडोजला किंवा विंडोजच्या सेटअपला ती दिसते का. आणि चौथं, "धिस पीसी" उघडल्यावर सी, डी, ई असं अक्षर घेऊन ती समोर येते का.

आपण बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर बघतो आणि पहिल्या पायरीचा निष्कर्ष काढतो, की डिस्क मेली. म्हणून आधी एवढंच करा, मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोसमध्ये शिरा आणि स्टोरेज किंवा साटा असं लिहिलेल्या पानावर डिस्कचं नाव आहे का बघा. नाव असेल तर केबलला हात लावायची गरज सहसा नाही, दोष पुढे कुठेतरी आहे. नाव नसेल तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, झाकण उघडावं लागेल.

भाचीच्या मशीनमध्ये एसएसडी बायोसला दिसत होती पण विंडोजच्या सेटअपला नाही, आणि हार्ड डिस्क बायोसलाच दिसत नव्हती. म्हणजे एकाच तक्रारीमागे दोन वेगळी दुखणी होती.

पण फॅन फिरतोय, म्हणजे वीज तर आहे ना?

मशीनला आहे, डिस्कला आहे का ते वेगळं. साधी हार्ड डिस्क, म्हणजे आत चकती फिरणारी, तिला दोन केबल लागतात. एक रुंद, १५ पिनांची, ती पॉवर सप्लायकडून वीज आणते. दुसरी अरुंद, ७ पिनांची, ती मदरबोर्डकडे जाते आणि त्यातून माहिती ये-जा करते. या जोडणीच्या पद्धतीला साटा म्हणतात. घराला मीटर आहे पण रस्ता नाही किंवा रस्ता आहे पण मीटर नाही, दोन्हीपैकी काहीही झालं तरी घर वसत नाही. पहिल्यांदा पीसी जुळवणारे एक केबल लावून दुसरी विसरतात हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

वीज पोचतेय का हे ओळखायला मीटर लागत नाही, हात पुरतो. मशीन चालू करून साडेतीन इंची हार्ड डिस्कला हलकेच बोट लावा, आत चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते, त्यामुळे बारीक थरथर जाणवतेच. थरथर असेल आणि तरी बायोसमध्ये नाव नसेल तर संशय डेटा केबलवर किंवा मदरबोर्डच्या पोर्टवर घ्या. थरथरच नसेल तर संशय विजेवर. एसएसडीला मात्र ही परीक्षा लागू नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं.

साटा केबलचं तोंड इंग्रजी एल अक्षरासारखं असतं त्यामुळे उलटं बसत नाही, पण अर्धवट मात्र बसतं, आणि काही केबलींना अडकवून धरणारी क्लिप नसते, मग कॅबिनेटचं मागचं झाकण दाबून लावलं की झाकणच केबलला ढकलतं आणि ती सुटते. म्हणून आधी मशीन बंद, मागचं स्विच बंद, आणि मग दोन्ही टोकं काढून परत लावा. केबल बदलून बघा, पोर्ट बदलून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चालू झाल्यावर कशाने झाली ते कळणारच नाही.

जुन्या पॉवर सप्लायची केबल नव्याला लावली तर चालेल ना, तोंड तर बसतंय

नाही. हे एक वाक्य या लेखात कुठे मोठ्या अक्षरात लिहायचं असेल तर इथे लिहीन. ज्या पॉवर सप्लायच्या केबली सुट्या निघतात, मॉड्युलर म्हणतात त्यांना, त्यांच्या डिस्ककडच्या टोकाला ठरलेलं प्रमाण आहे पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला काहीही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने पिना लावते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. तोंड मस्त बसतं, आणि जिथे ५ व्होल्ट जायला पाहिजे तिथे १२ व्होल्ट जातात. डिस्क त्याच क्षणी जळते, कधी कधी लावलेल्या सगळ्या डिस्का एकदम.

नवीन पीसी जुळवताना जुन्या पॉवर सप्लायच्या केबली आधीच कॅबिनेटमधून ओवलेल्या असतात, कोण परत काढणार म्हणून लोक तशाच ठेवतात. काढा. नव्या डब्यातल्याच केबली वापरा. डिस्क पाच हजारांची असेल, तिच्यातले फोटो कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

विजेचाच एक वेगळा प्रकार, जो कळायला मला स्वतःला वेळ लागला. एक्स्टर्नल ड्राइव्हच्या प्लास्टिकच्या डब्यातून काढलेल्या किंवा डेटा सेंटरसाठी बनवलेल्या काही डिस्का चांगल्या असूनही फिरतच नाहीत. साटाच्या नव्या नियमांमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेला वेगळं काम दिलंय, तिथे ३.३ व्होल्ट आले की डिस्क समजते "मला बंद राहायला सांगितलंय". बरेच साधे पॉवर सप्लाय जुन्या पद्धतीप्रमाणे तिथे ३.३ व्होल्ट देतच राहतात, मग डिस्क बिचारी हुकूम पाळून गप्प बसते. अशा डिस्कची तिसरी पिन कॅप्टॉन टेपने, म्हणजे त्या पिवळसर पारदर्शक उष्णता सहन करणाऱ्या टेपने, झाकतात आणि ती फिरायला लागते.

एका नळाला पाणी आलं की दुसरा बंद

आता भाचीच्या हार्ड डिस्ककडे. वीज होती, थरथर होती, केबल नवी होती, तरी बायोसमध्ये नाव नाही. कारण सापडलं मदरबोर्डच्या पुस्तिकेत, जी डब्यात तशीच घडी घालून पडली होती.

आधी एम.२ म्हणजे काय ते सांगतो. हल्लीची एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी असते आणि केबलशिवाय थेट बोर्डावरच्या खाचेत बसते, त्या खाचेला आणि त्या आकाराला एम.२ म्हणतात. बोर्डावर बहुतेक दोन किंवा तीन खाचा असतात. पण प्रोसेसर आणि चिपसेट (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) यांच्याकडे माहिती वाहून न्यायचे मार्ग मोजकेच, आणि जोडायच्या जागा त्याहून जास्त. म्हणून बोर्ड बनवणारे काय करतात, काही मार्ग दोन जागांमध्ये वाटून देतात. एकाच पाइपलाइनवर दोन बिल्डिंगा असल्या की व्हॉल्व्हमन एकीकडे सोडतो तेव्हा दुसरीकडे नळ कोरडा, अगदी तसं. कित्येक बोर्डांवर ठराविक एम.२ खाचेत एसएसडी बसवली की ठराविक एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. पोर्ट तुटलेलं नसतं, दिसायलाही काही फरक नसतो, फक्त त्यात जीव नसतो.

भाचीने एसएसडी खालच्या खाचेत बसवली होती कारण वरच्या खाचेवरचा हीटसिंक, म्हणजे थंड ठेवणारा धातूचा तुकडा, काढायला अवघड वाटला, आणि त्या खालच्या खाचेने जे पोर्ट बंद केलं त्यातच नेमकी हार्ड डिस्कची केबल होती. केबल शेजारच्या पोर्टमध्ये घातली, मशीन चालू केलं, बायोसमध्ये नाव हजर. दहा मिनिटांचं काम, आणि दुकानाच्या मते डिस्क गेलेली होती.

पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या नावाने तिची पीडीएफ मिळते. स्टोरेजचं पान काढा, तिथे हा तक्ता असतो किंवा खाली बारीक टाइपात तळटीप असते. आणि तुम्हाला बोर्ड अजून घ्यायचा असेल तर हे पान घ्यायच्या आधी वाचा.

एम.२ खाचेत बसली म्हणजे चालणारच असं नाही

हा गोंधळ तर फारच. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या एसएसडी येतात, एक साटाचीच जुनी भाषा बोलते आणि सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, दुसरी एनव्हीएमई नावाची नवी भाषा बोलते आणि तिच्या कितीतरी पट वेगाने धावते. खाच दोन्ही भाषा समजणारी असू शकते किंवा फक्त एक. फक्त एनव्हीएमई समजणाऱ्या खाचेत साटावाली एसएसडी घातली तर ती व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसला काहीच दिसत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली एसएसडी नव्या पीसीत लावताना हे होतं. एसएसडीच्या कडेला बहुतेक वेळा साटाला दोन कट आणि एनव्हीएमईला एक कट असतो, पण त्यावर पूर्ण विसंबू नका, लेबलवर काय छापलंय ते वाचा.

सेकंडहँड बोर्ड घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. इंटेलच्या झेड५९० किंवा बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर चालतो, पण प्रोसेसरला थेट जोडलेली पहिली एम.२ खाच चालत नाही, कारण तिच्यासाठी लागणारे चार जादा मार्ग अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्येच आहेत. स्वस्तात मिळालेली ही जोडी घेऊन लोक एसएसडी परत करून मोकळे होतात. एसएसडी दुसऱ्या खाचेत टाका, दिसेल.

बाकी बसवण्याचं म्हणाल तर एसएसडी तिरकी घालून पूर्ण आत ढकलायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी व्हायला हवी, मग आडवी दाबून स्क्रू. स्क्रूच्या खालचा तो पितळी खुंटा लावायला विसरलात तर एसएसडी वाकते आणि संपर्क सुटतो. २२८० असं लिहिलेलं असतं ते २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, खुंटा त्या लांबीच्या भोकात हवा.

बायोसला दिसते, पण विंडोजचं सेटअप म्हणतं ड्राइव्हच नाही

भाचीच्या एसएसडीचं दुखणं हे. पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला घेतलं, पुढे पुढे करत डिस्क निवडायच्या पानावर आली तर पान रिकामं आणि खाली ड्रायव्हर लोड करा असा सल्ला. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या भागाशी कसं बोलायचं हे विंडोजला शिकवणारा छोटा प्रोग्राम.

अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी नावाची सोय आहे. ती काय करते, डिस्का आणि विंडोज यांच्या मध्ये एक मॅनेजर बसवते. ऑफिसात अनेक डिस्का एकत्र जोडून चालवणाऱ्यांना त्याचा फायदा आहे, घरी एक एसएसडी असणाऱ्याला जवळपास काही नाही. पण काही लॅपटॉपवर आणि बोर्डांवर ती आधीपासून चालू असते, आणि सेटअपकडे त्या मॅनेजरशी बोलायचा ड्रायव्हर नसेल तर त्याच्या मागे उभी असलेली एसएसडी त्याला दिसणारच नाही. डिस्क ठणठणीत, सेटअपही बरोबर, दोघांची ओळखच झालेली नाही एवढंच.

यावर दोन रस्ते आहेत. बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, झिप असेल तर उघडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर दाबून ते दाखवा, एसएसडी लगेच येते. किंवा बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा. कोऱ्या मशीनवर, एकच एसएसडी असेल तर मी दुसरा रस्ता घेतो, भाचीच्या मशीनवर तोच घेतला.

मात्र हे फक्त विंडोज टाकायच्या आधी. आधीपासून व्हीएमडी चालू ठेवून विंडोज टाकलेलं असेल आणि आता कोणाचं तरी ऐकून ते बंद केलं तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून. घाबरू नका, डेटा जागेवरच आहे, सेटिंग होतं तसं करा, परत चालू होईल. पण चालू असलेल्या मशीनवर या सेटिंगला हात लावायचा नाही.

आणि हे इथेच सांगतो नाहीतर राहून जाईल. विंडोज टाकताना ज्या डिस्कवर टाकायचंय तेवढीच जोडलेली ठेवा, बाकीच्यांच्या केबली काढा. कारण सेटअप कधी कधी सुरू व्हायला लागणारा छोटा भाग जुन्या डिस्कवर टाकतं आणि विंडोज नव्या एसएसडीवर, सगळं छान चालतं, आणि दोन वर्षांनी तुम्ही ती जुनी डिस्क काढली की नवीन मशीन सुरूच होत नाही. शिवाय सेटअपमध्ये डिस्क ०, डिस्क १ असं लिहिलेलं असतं, दमलेला माणूस चुकीच्या ओळीवर डिलीट दाबतो. मी भाचीला फोटोवाली हार्ड डिस्क चक्क कॅबिनेटच्या बाहेर काढून कपाटात ठेवायला लावली होती, विंडोज पूर्ण टाकून होईपर्यंत.

विंडोज चालू झालं, डिस्क बायोसला दिसते, तरी धिस पीसीमध्ये नाही

हा भाग जमिनीच्या भाषेत सांगितला की पटकन कळतो. डिस्क म्हणजे जमीन. पण जमीन नुसती असून चालत नाही, सातबारा लागतो, कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, त्यावर काय आहे. डिस्कच्या सुरुवातीला असाच एक उतारा असतो, त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. दुकानातून आणलेल्या कोऱ्या डिस्कला हा उताराच नसतो. म्हणून विंडोजला ती दिसत असते पण तिला अक्षर देऊन तुमच्यासमोर ठेवता येत नाही. विकत आणली, लावली आणि दिसली नाही म्हणून परत केलेल्या कितीतरी डिस्का अशा निव्वळ कोऱ्या असतात.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. नवीन डिस्क असेल तर तिथे ती काळ्या पट्ट्यात असते, अनअलोकेटेड लिहिलेलं असतं, आणि विंडोज विचारतं इनिशियलाइझ करू का. उताऱ्याचे दोन नमुने समोर येतात, एमबीआर आणि जीपीटी. एमबीआर १९८३ पासूनचा आहे आणि त्यात २ टीबीच्या पुढची जमीन मोजताच येत नाही, म्हणून ४ टीबीची डिस्क घेऊन निम्मीच वापरता येतेय अशी तक्रार येते. जीपीटी घ्या. मग काळ्या पट्ट्यावर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, पुढे पुढे, झालं. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवेल, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

कधी पट्टा निळा असतो, सगळं व्यवस्थित असतं, फक्त अक्षर नसतं. तेव्हा राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्यायचं. कधी डिस्कच्या नावाखाली ऑफलाइन लिहिलेलं असतं, तर नावावर राइट क्लिक करून ऑनलाइन करायचं. आणि अक्षर आहे पण वर कुलूप दिसतंय, तर ती विंडोजच्या बिटलॉकर नावाच्या कुलपाने बंद आहे, रिकव्हरी की बहुतेक वेळा जुन्या मशीनवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं त्यात जमा असते.

पण माझी डिस्क जुनी आहे, डेटा आहे, तरी इनिशियलाइझ विचारतंय. दाबू?

नाही. कॅन्सल करा. इनिशियलाइझ म्हणजे नवा कोरा उतारा लिहिणं. कोऱ्या जमिनीला ठीक आहे, पण जिथे घर उभं आहे त्याच्या सातबाऱ्यावर कोरा कागद चिकटवला तर घर पडत नाही हे खरं, पण कुठल्या खोलीचा दरवाजा कुठे हे सांगणारी नोंद जाते. आणि मग घाईघाईत फॉरमॅट केलं, वर नवीन फायली टाकल्या की घरही जातं.

ओळखीतल्या एका काकांचा किस्सा सांगतो. त्यांची मोठी हार्ड डिस्क बरीच वर्षं यूएसबीच्या डब्यात होती, नवीन पीसी केला तेव्हा डब्यातून काढून थेट साटाला लावली, आणि विंडोज म्हणालं इनिशियलाइझ करा. त्यांनी फोन केला म्हणून वाचले. मी म्हटलं काका, आहे तशी परत त्या डब्यात घाला. घातली, सगळं दिसायला लागलं. कारण काही यूएसबी डबे डिस्कची मोजणी वेगळ्या मापाने करतात, ५१२ बाइटच्या ऐवजी ४०९६ बाइटचा एक तुकडा धरतात, उतारा त्या मापाने लिहिलेला असतो. डबा काढला की माप बदलतं आणि उतारा वाचताच येत नाही. गुंठ्यात लिहिलेला आकडा एकराचा समजून वाचल्यासारखं. काही एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये तर डब्यातली चिप सगळा डेटा कुलूपबंद करून लिहिते, त्या डब्याशिवाय तो उघडतच नाही. म्हणून आधी जुन्या जागी परत नेऊन बघा, तिथून डेटा दुसरीकडे कॉपी करा, आणि मगच या डिस्कचं काय ते करा.

मग डिस्क खरंच गेली हे कधी म्हणायचं?

चालू करताच टक-टक-टक असा ठराविक लयीत आवाज येत असेल, थोडं फिरून थांबत असेल, परत सुरू होत असेल, तर आतला वाचणारा हात अडखळतोय. तेव्हा मशीन बंद करा आणि परत परत चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडे पडायची भीती असते. डेटा हवा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, झाकण घरी उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवायचे सल्ले ऐकू नका.

आवाज नसेल तर डिस्क दुसऱ्या चालू मशीनला वेगळ्या केबलने लावून बघा. तिथेही बायोसला दिसली नाही, हाताला थरथरही नाही, तेव्हा मी मानतो. आणि दिसत असेल पण मध्येच गायब होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम टाका, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती त्यात वाचता येते. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे चकतीवरच्या बिघडलेल्या आणि संशयित तुकड्यांचे, आकडे वाढत असतील तर चकती खराब होतेय, लगेच कॉपी काढा. पण फक्त सीआरसी एररचा, म्हणजे केबलमधून ये-जा करताना माहितीत झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते, केबल खराब असते. तो आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, नुसता वाढायचा थांबतो, तेवढं लक्षात ठेवा.

वॉरंटीत द्यायची वेळ आली तर देताना विचार करा, बदलून मिळते ती डिस्क, आतला डेटा नाही. आणि दुकानात जाताना "दिसत नाही" एवढंच सांगू नका, बायोसला दिसत नाही, दोन केबली आणि दोन मशीन बदलून बघितली, थरथर आहे किंवा नाही, असं सांगा. मग समोरच्याला "जुनी आहे, नवीन घ्या" म्हणून उडवून लावता येत नाही.

भाचीची हार्ड डिस्क विंडोज टाकून झाल्यावर कपाटातून काढली, योग्य पोर्टला लावली, आणि तब्येतीचे आकडे आधी बघितले. ठीक होते. तरी नवीन एक्स्टर्नल ड्राइव्ह आणून सगळ्याची दुसरी प्रत करायला लावली. रात्री अकराला कॉपी सुरू झाली, पहाटे साडेचारला संपली, आणि सहा वाजता तिने मला बाबांचा गणपतीसमोर झांजा वाजवतानाचा फोटो पाठवला.